शंका घेऊन लिहिणाऱ्या पोरींसाठी तालुक्यात एक कपाट असू द्या

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. तालुक्याच्या गावी आमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, दिवसभर पीक विमा, सातबारा, पोरांचे अ‍ॅडमिशन, आणि रात्री भांडीकुंडी आवरली की मी मोबाईलवर गोष्टी लिहिते, ऐतिहासिक गोष्टी. मागं तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं की आजकाल मोबाईलवर कोणीही उठतं अन् इतिहासाच्या नावानं मनाला येईल ते लिहितं, ह्यांना ना अभ्यास ना भीड. ते पत्र आमच्या ग्रुपवर रात्रीतून फिरलं. त्यातलं काही खरं आहे अन् ते मी पुढं मान्यच करणार आहे, पण भीड नाही हे खरं नाही हो. भीड इतकी आहे की चांगलं लिहिणाऱ्या पोरी लिहिणं सोडून रायल्या, आणि त्यावर कोणी बोलत नाही म्हणून हे पत्र. लांब झालंय, मधलं कापलं तरी चालेल, शेवटची मागणी, ग्रंथालयातल्या इतिहासाच्या कपाटाची, तेवढी ठेवा.

ज्यांना हे जग माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगते. टीव्हीवर एखादी ऐतिहासिक मालिका लागते, एपिसोड संपतो न संपतो तोच फॅन पेजवर त्याचे तुकडे गाणं लावून फिरायला लागतात, कोणी चित्र काढतं, कोणी भांडतं की राणीसाहेबांच्या शालूचा काठ त्या काळचा नाही, कोणी पुढं काय व्हायला पाहिजे होतं ते स्वतःच लिहून टाकतं, त्याला फॅनफिक म्हणतात. आमच्या ग्रुपात दर्यापूरकडची एक आहे, तेल्हाऱ्याची एक, गडचिरोलीकडची एक नर्स आहे जिची नाइट ड्युटी असते, पुण्यात होस्टेलवर राहून एमपीएससी करणाऱ्या दोघी आहेत, एक दुबईत नवऱ्यासोबत आहे. सगळ्या एकमेकींना ताई म्हणतात, वयाचा काही संबंध नाही. इकडं पावसाळ्यात लाइट गेली की गेली, मग ज्यांच्याकडं आहे त्या बाकीच्यांसाठी एपिसोड टाइप करून पाठवतात, अगदी सीन बाय सीन, आता ही उठली, आता तिनं पदर सारखा केला, आता मागं नगारा वाजला आणि हिनं दाराकडं पाहिलं. मला वाटतं आमच्यातल्या निम्म्या जणी लिहायला अशाच शिकल्या. अंधारात बसलेल्या मैत्रिणीला दिसलं पाहिजे एवढाच हेतू असायचा, आणि त्यानं हात बसत गेला.

मग त्यातलीच एखादी पोरगी मागं चवरी घेऊन उभ्या असलेल्या दासीकडं पाहते, जिला अख्ख्या मालिकेत एक वाक्य नाही, आणि तिला वाटतं हिचं नाव काय असेल, हिला लेकरं असतील का, ही घरी कधी जात असेल, अन् त्यावर ती भागामागून भाग लिहीत सुटते. खाली कमेंट येतात, "ताई पुढचा भाग कधी?" ह्याला थिल्लर म्हणणाऱ्यांना मला सांगावंसं वाटतं की हरि नारायण आपट्यांनी १८९० साली करमणूक साप्ताहिक काढलं तेव्हा त्यांच्या ऐतिहासिक कादंबऱ्याही त्यात हप्त्याहप्त्यानंच यायच्या आणि लोक पुढच्या अंकाची वाट पाहायचे. आम्ही आपटे नाही हे आम्हाला कळतं. पण हप्त्यानं लिहिणं, वाचणाऱ्याला पुढच्या वेळेपर्यंत धरून ठेवणं, आणि इतिहासातल्या मोकळ्या जागेत आपलं माणूस उभं करणं, ही वाट मराठीत जुनी आहे.

माझी मोकळी जागा म्हणजे गाविलगड. आमच्या इकडून उत्तरेला पाहिलं की सातपुड्याची रांग दिसते आणि त्या रांगेतच, चिखलदऱ्याच्या बाजूला, हा किल्ला आहे. शाळेची सहल जाते, दिल्ली दरवाजावरचे कोरलेले सिंह अन् दोन तोंडांचा पक्षी ह्यांच्यासोबत फोटो निघतात, खाली दरीत ढग असले तर रील बनतं, झालं. बहमनी अहमदशहानं १४२५ च्या सुमारास बांधला, पुढं अचलपूरच्या इमादशाहीनं वाढवला, मग निजाम, मग नागपूरकर भोसले. १८०३ ला भोसल्यांकडं असतानाच इंग्रजांनी तो घेतला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई झाली, तेच अडगाव, तेल्हारा तालुक्यातलं. त्यात शिंदे-भोसल्यांच्या फौजा हरल्या, आणि मग इंग्रजांचे सेनापती वेलस्ली आणि स्टीव्हन्सन गाविलगडावर चालून आले, स्टीव्हन्सनच्या लोकांनी तोफा डोंगरातून ओढत किल्ल्याच्या उत्तर अंगाला नेल्या, १५ डिसेंबरला किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी, १७ तारखेला, भोसल्यांनी देवगावला तह केला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांनी तह केला तो आमच्या अंजनगाव सुर्जीला. ज्या गावच्या बाजारात आम्ही पानपिंपळी विकतो त्या गावाचं नाव हिंदुस्थानच्या इतिहासाच्या पुस्तकात तहाला लागलेलं आहे आणि आमच्या शाळेत हे मला कोणी सांगितलं नाही, एका फॅन पेजवर कळलं. ते ज्या दिवशी कळलं त्या दिवशीपासून मी मालिकेवर लिहिणं थांबवलं आणि गाविलगडावर लिहायला लागली.

किल्ला पडला त्याबद्दल इंग्रजांच्या कागदात पुष्कळ आहे. कोणती पलटण कुठून चढली, कोणत्या कॅप्टननं शिडी लावली, सगळं. आतल्या बायांबद्दल मात्र दोन-चार ओळी, की किल्लेदाराच्या घरच्या बायांना शत्रूच्या हाती लागू द्यायचं नाही असं ठरलं होतं, काही त्यात मेल्या, बाकीच्या वाचल्या. नाव एकीचंही नाही. आणि किल्लेदाराच्या घरच्या बायांच्या निदान ओळी तरी आहेत, पाणी भरणाऱ्या, दळणाऱ्या, शिपायांच्या बायका, त्यांचं काहीच नाही. मी त्यातली एक लिहून रायली. कोठीवर काम करणारी.

आता शंका कशा येतात ते सांगते, कारण ते पत्र लिहिणाऱ्या काकांना वाटतं आम्हाला शंकाच येत नाही.

मला १४ डिसेंबरची रात्र लिहायची होती, हल्ल्याच्या आदली. मनात सीन तयार होता, तलावावर चांदणं पडलंय आणि बाई घागर घेऊन उतरते. लिहायला बसली अन् हात थांबला, त्या रात्री चांदणं होतं का? आकाश दाखवणाऱ्या अ‍ॅपमध्ये तारीख मागं नेता येते, नेली, तर अमावस्या नुकतीच आलेली, चंद्र असलाच तर कोर आणि तीही दिवस मावळल्यावर लगेच बुडणारी. म्हणजे किर्र अंधार. मग अडगावची तारीख पाहिली तर ती पौर्णिमेच्या अंगाची, आणि वेलस्लीच्या पत्रात तर लिहिलेलंच आहे की दिवस मावळायला आला होता तरी घोडदळानं चांदण्यात पाठलाग चालू ठेवला. मला हे वाचून काय झालं ते सांगता येत नाही. दोनशे वर्षांपूर्वीची लढाई, एका गोऱ्या साहेबाचं पत्र, आणि माझ्या हातातला मोबाईल, तिघं एकच चंद्र दाखवतात. मग माझी बाई अंधारात उतरली, पायानं पायरी चाचपत, आणि तो भाग चांदण्यातल्यापेक्षा कितीतरी चांगला झाला कारण अंधारात तिला खालच्या छावणीतले विस्तव दिसतात.

एक शंका सुटली की दुसरी येते. तिनं चूल कशी पेटवली? आगकाडी इंग्लंडातच १८२७ च्या सुमारास विकायला आली, म्हणजे चकमक, नाहीतर रात्रीचा विस्तव राखेत जपून ठेवायचा, जसा आमची आजी ठेवायची. रॉकेल नाही, दिवा तेलाचा, करडी नाहीतर जवस. चहा नाही, आसामात चहाचे मळे लागले तेच १८३० नंतर. सोयाबीन तर नाहीच नाही, ते आत्ता आमच्या डोळ्यासमोर आलं. ज्वारी, तूर, अंबाडी हे चालतं. मोह चालतो पण सुकवलेला, कारण फूल पडतं उन्हाळा लागताना आणि माझी गोष्ट आहे ऐन थंडीतली. एका वाचकानं, रिटायर्ड गुरुजी असावेत, मला मेसेज करून विचारलं होतं की बाई, तुम्ही ठेचा लिहिला, मिरची तेव्हा होती का, पाहून घ्या. किती चांगला प्रश्न. मी पाहिलं, मिरची अमेरिकेतली, पोर्तुगीजांसोबत आली, पण ती सोळाव्या शतकात, १८०३ पर्यंत रुळून गेली होती. त्यांना तसं कळवलं, ते म्हणाले बरं झालं, मलाही कळलं. असे वाचक मिळाले तर लिहिणारा कुठल्या कुठं जाईल.

भाषेची शंका सगळ्यात जास्त छळते. मालिकांनी एक भाषा डोक्यात बसवून ठेवलीय, सगळे एकमेकांना "आपली आज्ञा शिरसावंद्य" म्हणतात, भाकरी मागायची तरी "आम्हास क्षुधा लागली आहे". माझी कोठीवरची बाई म्हणते, "कोठ्यात ज्वारी किती रायली व माय?" त्यावर कमेंट आली की ही भाषा ऐतिहासिक वाटत नाही, विनोदी वाटते. विनोदी? वऱ्हाडी बोललं की हसायचं हे सिनेमावाल्यांनी शिकवलं, त्या बाईचा काय दोष. सातपुड्याच्या पायथ्याची बाई पुण्याच्या दरबारासारखी कशी बोलेल? पण रात्री झोपताना मलाच वाटायचं की खरंच १८०३ ला अशी बोलत असतीन का? मग शोधता शोधता कळलं की ग्रिअर्सन साहेबाच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ ला निघाला आणि त्यात वऱ्हाडीचे नमुने छापलेले आहेत. शंभर वर्षांचा फरक राहतोच, तरी पाय टेकायला जागा मिळाली. आता मी ठरवलंय की संवाद वऱ्हाडीतच ठेवायचे, फक्त आजच्या बोलण्यात घुसलेले इंग्रजी शब्द येऊ द्यायचे नाहीत.

आणि एक शंका अशी आहे जिला कोणतंच पुस्तक पुरत नाही. गाविलगडाच्या आजूबाजूचे सगळे डोंगर कोरकूंचे. त्यांना सोडून त्या किल्ल्याची गोष्ट लिहिणं खोटं, आणि त्यांची भाषा आमच्या भाषेच्या नात्यातली नाही, मुंडा कुळातली, मला चार शब्द येतात. मी कोणत्या तोंडानं कोरकू बाईच्या मनातलं लिहू? दुकानात मेळघाटातून फॉर्म भरायला येणाऱ्या बाया असतात, त्यातल्या एका मावशीला मी विचारत गेली, थंडीत काय खाता, कुटकी कशात साठवता, तिनं हातानं कणगीचा आकार दाखवला आणि तोंड कसं लिंपतात ते सांगितलं, शेणमातीनं, आणि मग म्हणाली, "हे कायले पाहिजे तुले?" मी म्हटलं गोष्टीत टाकते. ती म्हणाली, "मंग बरोबर टाक." बस. मी त्या बाईला गोष्टीत आणलं पण तिच्या मनात शिरली नाही, ती काय करते तेवढंच लिहिलं, तिचं मन माझ्या कोठीवालीला जेवढं कळेल तेवढंच. मला वाटतं हे बरोबर आहे. कोणाला वेगळं वाटत असेल तर मला ऐकायचं आहे.

तर अशा शंका. ह्या मला चांगल्या वाटतात. रात्री बारा-बारा वाजेपर्यंत जागवतात पण काहीतरी हाती देऊन जातात.

दुसऱ्या शंका असतात त्या बाहेरून येतात, आणि त्या काहीच देत नाहीत, फक्त नेतात. तुम्ही इतिहासकार आहात का? पुरावा टाका नाहीतर डिलीट करा. तुम्ही राहता कुठं, शिक्षण किती? आणि सगळ्यात वाईट म्हणजे, "ताई, तुमचं आडनाव काय?" आडनाव कळलं की मग तुम्ही कोणाच्या बाजूनं लिहिता ते त्यांना आपोआप कळतं, गोष्ट वाचायची गरजच राहत नाही. वाक्याचा स्क्रीनशॉट निघतो, मागचं-पुढचं कापून, आणि ज्या ग्रुपांवर आपल्याला कोणी ओळखत नाही तिथं फिरतो. पुरुषांनाही होतं हे, पण बाईचं घरापर्यंत येतं, सासरा विचारतो, भाऊ विचारतो, गावातलं कोणी दुकानात येऊन हसून विचारतं, "काऊन व, तूच लिहितं का ते?"

आमच्या ग्रुपात एक पोरगी होती, बी.ए.ला, ती खामगावच्या कापूस बाजारावर लिहायची. गोष्टीचा काळ १८७०. अमेरिकेतलं यादवी युद्ध नुकतं होऊन गेलेलं, त्या चार वर्षांत, १८६१ ते ६५, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना म्हणून वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आलेला, आणि आता भाव उतरलेला पण बाजार मोठा होऊन बसलेला, आणि तिची नायिका त्या बाजारात कापूस वेचून साफ करणारी मजूर. मी सांगते, तिनं कापसाच्या धुळीनं बाईच्या पापण्या पांढऱ्या झालेल्या लिहिल्या होत्या, आणि ती बाई घरी जाऊन लेकराचा मुका घेण्याआधी पदरानं आधी पापण्या पुसते, तेवढं एक वाक्य वाचून मी ताटावरून उठून तिला फोन केला होता. तिनं लिहिलं की बाजाराजवळ आगगाडी आली आणि लोक पाहायला धावले. झालं. एकानं लिहिलं, १८७० ला खामगावात रेल्वे कुठून आली, काहीही फेकता का, वऱ्हाडाची बदनामी करता. त्याखाली दुसऱ्यानं हसण्याचे इमोजी टाकले, तिसऱ्यानं स्क्रीनशॉट काढला, दोन दिवसांत तिच्या प्रोफाइलवर नुसता तोच विषय.

संपादक साहेब, ती पोरगी बरोबर होती. भुसावळहून नागपूरची लाइन १८६७ ला पूर्ण झाली आणि जलंबहून खामगावचा फाटा नेमका १८७० ला सुरू झाला, व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आला होता उद्घाटनाला. हे गॅझेटिअरात, म्हणजे सरकारनं छापलेल्या जिल्ह्याच्या माहितीच्या पुस्तकात, मिळतं. पण तिच्याकडं गॅझेटिअर नव्हतं, तिनं आजोबांकडून ऐकलं होतं, आणि आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून. त्यामुळं कोणी डोळे वटारून विचारलं तेव्हा तिलाच वाटलं की आपलंच चुकलं असेल. मी तिला पानाचा फोटो पाठवेपर्यंत तिनं सगळे भाग डिलीट केले होते. म्हणाली, "राहू द्या ताई, आपण कोण लिहिणारे." आता ती फक्त वाचते, कमेंटही करत नाही. खोटं लिहिणारा असा घाबरत नाही हो, त्याला कशाचीच शंका नसते, तो उद्या दुसरं काही टाकतो. जी आधीच स्वतःला दहा प्रश्न विचारून बसलेली असते ती अकराव्या प्रश्नाला मोडते.

आता त्या पत्रातलं जे खरं आहे ते. गोष्टीतला तुकडा कोणीतरी उचलतं, वर एखाद्या जुन्या वाड्याचा फोटो लावतं, खाली "खरा इतिहास, शाळेत शिकवला नाही" असं लिहितं आणि फॉरवर्ड करतं. हे होतं आणि फार वाईट होतं, कारण चार महिन्यांनी तेच आपल्याकडं माहिती म्हणून परत येतं. ह्यात लिहिणाऱ्यांचीही जबाबदारी आहे असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून मी प्रत्येक भागाच्या शेवटी लिहिते की ह्यातली तारीख, लढाई, किल्लेदार हे कागदात आहे, आणि कोठीवाली, तिची सासू, घागर हे माझं आहे. काही मैत्रिणी म्हणतात त्यानं वाचणाऱ्याची मजा जाते. मला नाही वाटत. उलट लोक त्या टिपेवरच जास्त विचारतात. माझी सगळ्या लिहिणाऱ्यांना विनंती आहे की हे करा, आणि वाचणाऱ्यांना विनंती आहे की "पुरावा टाका" म्हणण्याआधी "हे कुठं वाचलं?" एवढं विचारा. गुरुजींनी मिरचीचं विचारलं तसं.

पण "कुठं वाचलं" ह्याला उत्तर द्यायला वाचायची सोय पाहिजे ना. शहरातल्या लेखकाला शंका आली तर तो उठून ग्रंथालयात जातो, नागपुरात विदर्भ साहित्य संघ आहे, विद्यापीठ आहे, कोणी प्राध्यापक ओळखीचा असतो. आमच्याकडं शंका आली तर ती घेऊन जायचं कुठं? १९६७ च्या कायद्यानं गावोगाव सार्वजनिक ग्रंथालयं झाली, अ ब क ड वर्ग आहेत, अनुदान आहे, पण तुम्ही आमच्या भागातल्या ग्रंथालयांत जाऊन पाहा, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं आहेत, कादंबऱ्या आहेत, पेपर येतात, आपल्या स्वतःच्या जिल्ह्याच्या इतिहासाचं पुस्तक मागितलं की कपाटाची किल्ली सापडत नाही किंवा पुस्तकच नसतं. ग्रंथपालाला मी दोष देत नाही, त्याला मिळणाऱ्या पैशात तो तरी काय करेल.

गॅझेटिअर ऑनलाइन आहे म्हणतात, आहेच, मी तिथूनच वाचते. अमरावती जिल्ह्याचं इंग्रजांच्या काळातलं १९११ चं आहे, नंतरचं महाराष्ट्र सरकारचं १९६८ चं आहे. पण ते इंग्रजीत, जुन्या छपाईचं स्कॅन, पाच इंची मोबाईलवर एक पान चार वेळा सरकवायचं, त्यात मराठी मीडियमची पोरगी आणि रेंज गच्चीवर गेलं तर. माझं दुकान आहे म्हणून मी प्रिंट काढून वाचू शकते, दर पोरीचं दुकान नसतं. यादव माधव काळे ह्यांचा वऱ्हाडचा इतिहास मराठीत आहे, त्यांचाच नागपूर प्रांताचा इतिहास आहे, ही पुस्तकं तालुक्याच्या ग्रंथालयात असायलाच पाहिजेत की नाही? यवतमाळच्या शारदाश्रमानं कितीतरी जुनी कागदपत्रं जपली, छापली, ती आमच्यापर्यंत का येत नाहीत? मोडी वाचणारी माणसं आता गावात बोटावर मोजण्याइतकी, घरोघरी पेट्यांमध्ये वाळवी लागत असलेले मोडी कागद आहेत, कोणाची जमीन, कोणाचं कर्ज, कोणाचं देवस्थान. आमच्या दुकानात लोक ते झेरॉक्स करायला आणतात आणि विचारतात, बाई, ह्यात काय लिहिलं आहे? मला वाचता येत नाही, शिकायचं आहे, इथं शिकवणारं कोणी नाही.

म्हणून माझी मागणी अशी. प्रत्येक तालुक्याच्या एका तरी ग्रंथालयात फक्त आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाचं एक कपाट असावं. त्यात दोन्ही गॅझेटिअर छापील, काळ्यांची पुस्तकं, भाषा सर्वेक्षणातली वऱ्हाडीची पानं, आणि किल्ली समोर. शाळेच्या दिवाळी-उन्हाळ्याच्या सुट्टीत मोडीचा वर्ग व्हावा, आठवड्यातून दोन दिवस का असेना. खर्च फार नाही, आमदार-जिल्हा परिषद सदस्य ह्यांनी एका सत्काराचा मंडप कमी केला तरी होतं. प्रिंट काढण्याचं काम आमच्या दुकानातून मी कागदाच्या खर्चात करून द्यायला तयार आहे, त्यात मला एक पैसा नको.

आणि तुमच्याकडं एक मागणी आहे साहेब. तुमच्या पेपरात राशीभविष्याला रोज जागा असते. आठवड्यातून एकदा, एवढासा चौकोन, वाचकांनी आपल्या गावच्या इतिहासाचा प्रश्न विचारायचा आणि ज्याला माहीत आहे त्यानं कुठं वाचलं त्यासकट उत्तर द्यायचं, प्राध्यापक असो की शेतकरी. आडनाव नाही छापलं तरी चालेल, गावाचं नाव छापा. खामगावच्या त्या पोरीला तिचं उत्तर पेपरात छापून आलेलं दिसलं असतं तर ती आज लिहीत असती, असं मला मनापासून वाटतं. तिला मी हे कात्रण पाठवणार आहे.

पहिला प्रश्न माझाच घ्या. १८०३ च्या त्या डिसेंबरात, वेढा पडायच्या आधी, गाविलगडावर ज्वारी कोणत्या वाटेनं चढत होती, खालच्या अचलपूर-परतवाड्याच्या अंगानं की वरच्या मेळघाटाच्या बाजूनं, आणि बैलाच्या पाठीवर की माणसाच्या डोक्यावर? कोणाच्या घरी काही कागद असेल, कोणाच्या आजोबांनी काही सांगितलं असेल, तर कळवा. माझा पुढचा भाग त्याच्यावाचून अडला आहे.

आपली नम्र,
एक वाचक आणि लिहिणारी
ता. अंजनगाव सुर्जी, जि. अमरावती